फक्त स्मरणशक्तीसाठी एक अख्खं रीसर्च सेंटर? अर्व्हाइनच्या केंद्राचा इतिहास कुणी सांगेल का

शंकासुर

मंडळी, ज्या बाईला आयुष्यातला जवळपास प्रत्येक दिवस आठवतो तिच्याबद्दल वाचत बसलो होतो (जिल प्राइस, कॅलिफोर्नियाची), आणि वाचता वाचता एक गोष्ट डोक्यात अडकली ती अशी, की तिने स्वतःची अडचण सांगायला ईमेल केली ती कुठल्या मोठ्या हॉस्पिटलला नाही की हार्वर्ड-स्टॅनफर्डलाही नाही, तर युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या अर्व्हाइन कॅम्पसमधल्या जेम्स मॅक्गॉ नावाच्या प्राध्यापकाला. आणि त्यांचं एक सेंटर आहे, नाव चांगलं हातभर लांब, सेंटर फॉर द न्यूरोबायॉलॉजी ऑफ लर्निंग अँड मेमरी. म्हणजे सबंध सेंटर फक्त शिकणं आणि लक्षात राहणं एवढ्याचसाठी!

आता माझी शंका. अर्व्हाइन ही काही जुनी युनिव्हर्सिटी नाही, साठच्या दशकातली आहे असं दिसतंय. मग असलं सेंटर तिथेच का निघालं? हे मॅक्गॉ आधीपासून कुणी बडे होते का सेंटरमुळे बडे झाले? आणि मुळात सेंटर काढून नक्की झालं काय, कारण संशोधन तर लोक आपापल्या लॅबमध्ये करतातच की. विकिपीडिया वाचून तारखा कळतात, गोष्ट कळत नाही. जाणकारांनी जरा इस्कटून सांगावं.

सायन्सवेडी

वा, माझ्या आवडीचा विषय! मी याच क्षेत्रात आहे (अर्व्हाइनला नाही), त्यामुळे लांबण लागणार, आधीच माफी.

गोष्ट सेंटरपासून सुरू केली तर अर्धी निसटते, ती सुरू करायची पन्नाशीच्या दशकात बर्कलीला. मॅक्गॉ तिथे पीएचडी करत होते, १९५९ ला झाली. त्यांच्या आधी कार्ल लॅश्ली नावाच्या शास्त्रज्ञाने १९१७ मध्येच दाखवलं होतं की उंदरांना अगदी कमी प्रमाणात स्ट्रिकनीन दिलं (हो तेच, कुचल्याच्या बियांतलं विष) तर ते भुलभुलैयातला रस्ता लवकर शिकतात. पण यात एक गोची आहे. औषध आधी दिलं आणि मग उंदीर हुशारीने पळाला, तर त्याची आठवण सुधारली का तो नुसता जास्त तरतरीत झाला, जास्त भुकेला झाला, वास नीट यायला लागले, काहीच सांगता येत नाही. मॅक्गॉंनी काय केलं, तर आधी शिकू दिलं, धडा संपला, उंदीर पिंजऱ्यात परत गेला आणि मग इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी परीक्षा, तेव्हा अंगात औषध नाही. तरीही औषध मिळालेले उंदीर चांगले निघाले. आता शिकताना तर औषध नव्हतंच ना, मग सुधारलं काय? शिकून झाल्यावर मेंदूत जे काही चालू राहतं ते! आणि इंजेक्शनला काही तास उशीर केला तर उपयोग शून्य.

ऐकायला साधं वाटतं पण त्या काळी हे येडपट वाटलं होतं लोकांना, शिकून झाल्यावर औषध देऊन काय घंटा फरक पडणार, असं. खरं तर आठवण लगेच पक्की होत नाही, तिला वेळ लागतो, ही कल्पना म्युलर आणि पिल्झेकर या दोन जर्मनांनी १९०० साली मांडली होती, पण मग ती अडगळीत पडली. मॅक्गॉंच्या प्रयोगांनी ती परत वर काढली, १९६६ ला सायन्स या जर्नलमध्ये त्यांनी यावर लेख लिहिला तो आजही वाचतात. पुढे त्या सेंटरमध्ये जे झालं त्यातलं बरंचसं या एका प्रश्नातून निघालंय, की अनुभव घेऊन झाल्यानंतरच्या मिनिटा-तासांत मेंदू करतो काय.

मधे एक वर्ष रोममध्ये डॅनियल बोव्हे (१९५७ चं नोबेल) यांच्याकडे काढलं, मग ऑरेगनला नोकरी, आणि १९६४ ला अर्व्हाइनचं बोलावणं आलं.

आता तुमचा "तिथेच का" हा प्रश्न. अर्व्हाइन तेव्हा युनिव्हर्सिटी नव्हतीच हो, गुरं चरायचं रान होतं! अर्व्हाइन कंपनीने आपल्या रँचमधली हजार एकर जमीन नाममात्र एका डॉलरला दिली, जून १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन येऊन जागेचं उद्घाटन करून गेले, आणि ऑक्टोबर १९६५ ला वर्ग सुरू. जीवशास्त्राचे डीन होते एडवर्ड स्टाइनहाउस, मूळचे किड्यांच्या रोगांचे तज्ज्ञ. त्यांनी झूऑलॉजी-बॉटनी असली जुनी खाती ठेवलीच नाहीत, तर रेणू आणि पेशी एक खातं, सबंध जीव दुसरं, जीवसमूह आणि पर्यावरण तिसरं, आणि चौथं सायकोबायॉलॉजी, म्हणजे वागणूक आणि मेंदू एकत्र. या चौथ्या खात्याचे पहिले प्रमुख मॅक्गॉ. जुन्या युनिव्हर्सिटीत मानसशास्त्रवाले एका इमारतीत, शरीरशास्त्रवाले दुसऱ्या, आणि दोघांचं एकमेकांशी फारसं जमत नाही. इथे भांडायला जुनं कुणी नव्हतंच. कोरी पाटी मिळाली म्हणून जमलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

सेंटर मात्र बऱ्याच नंतरचं, १९८३ चं. त्याबद्दल नंतर लिहिते, भात करपेल.

तिरपागडा

सायन्सवेडी, उंदरांचा भाग भारी सांगितलात, पण मला शंकासुरांच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर अजून मिळालेलं नाही. अमेरिकन युनिव्हर्सिट्यांमध्ये सेंटर, इन्स्टिट्यूट वगैरे पावसाळ्यात छत्र्या उगवाव्यात तशी उगवतात, आणि निम्म्यात दारावर पाटी, एक सेक्रेटरी, एक वार्षिक व्याख्यान आणि लेटरहेड यापलीकडे काही नसतं. माणसं तीच, खातं तेच, ग्रँट तीच. ६४ ला खातं निघालं, सगळे मोठे लोक खात्यात आधीच होते, मग ८३ ला सेंटर काढून नवीन काय झालं? मॅक्गॉ तोवर युनिव्हर्सिटीच्या कारभारात फार वर चढले होते असंही वाचलंय. वजन होतं म्हणून सेंटर पदरात पाडून घेतलं, असं का समजू नये?

सायन्सवेडी

समजा की, त्यात अगदीच खोटं नाही. ते आधी डीन होते, मग व्हाइस चॅन्सेलर, आणि १९७८ ते ८२ एक्झिक्युटिव्ह व्हाइस चॅन्सेलर, म्हणजे कॅम्पसवरचं दोन नंबरचं पद. ते सोडलं आणि पुढच्याच वर्षी सेंटर. ज्याला फायली कशा सरकतात ते माहीत आहे त्यालाच असल्या गोष्टी जमतात, यात मला तरी काही वावगं वाटत नाही.

पण पाटीवाला मुद्दा जरा तपासू. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात असल्या सेंटरला ऑर्गनाइज्ड रीसर्च युनिट म्हणतात. त्याला डिग्री देता येत नाही, प्राध्यापक आपापल्या खात्याचेच राहतात, सेंटरचे ते फक्त फेलो. आणि दर काही वर्षांनी रिव्ह्यू होतो, चालू ठेवायचं का गुंडाळायचं. म्हणजे नुसती पाटी असती तर चाळीस वर्षं टिकणं अवघड होतं.

आता माणसं बघा, म्हणजे लक्षात येईल की त्यांना एका छपराखाली आणणं का गरजेचं होतं, कारण ही मंडळी एकाच प्रश्नावर काम करत असूनही एकमेकांपासून मैलोगणती लांब होती. एकीकडे गॅरी लिंच, हा माणूस मेंदूच्या पातळ चकत्या कापून त्यात दोन पेशींमधला सांधा कसा बळकट होतो ते बघायचा. याला एलटीपी म्हणतात, ओस्लोमध्ये सापडलं, ब्लिस आणि लोमो यांनी १९७३ ला सविस्तर छापलं, पण ते घडतं कशाने ते गूढच होतं. लिंच आणि मंडळींनी १९८३ लाच दाखवलं की पुढच्या पेशीच्या आतलं कॅल्शियम रसायन टाकून बांधून ठेवलं तर सांधा बळकट होतच नाही. दुसरीकडे नॉर्मन वाइनबर्गर, अगदी सुरुवातीच्या दिवसांपासून तिथे असलेले. यांचं काम मला पर्सनली सगळ्यात सुंदर वाटतं. गिनीपिगला एक ठरावीक सूर ऐकवायचा आणि लगेच हलका शॉक. मग मेंदूच्या ऐकण्याच्या भागातली एकेक पेशी तपासायची. जी पेशी आधी भलत्याच सुराला जास्त प्रतिसाद द्यायची ती आता सरकून या "महत्त्वाच्या" सुराकडे आलेली! तोवर समजूत अशी की कानाकडून आलेलं मेंदूचा हा भाग नुसतं टिपून घेतो, शिकणंबिकणं पुढे कुठेतरी होतं. ती समजूत मोडली, अर्थात सहजासहजी कुणी मान्य केलं नाही.

आणि तिसरीकडे स्वतः मॅक्गॉ, सबंध प्राणी, औषधं, हार्मोन्स. रिचर्ड थॉम्प्सनही आधी काही वर्षं तिथेच होते, सशाच्या पापणीच्या मिटण्यावरून शिकणं मेंदूत नक्की कुठे होतं याचा माग काढणारे. म्हणजे एकाला विचारलं आठवण म्हणजे काय तर तो रेणू दाखवणार, दुसरा पेशी, तिसरा उंदीर. हे लोक खात्याच्या मीटिंगला भेटले तर कोण कुठला कोर्स शिकवणार यावर बोलतात. सेंटरमध्ये भेटले तर आठवणीवर बोलतात. फरक एवढाच, पण तो लहान नाही. जगभरातल्या लोकांना बोलावून परिषदाही सेंटर भरवतं, २०१८ ला हंटिंग्टन बीचला मोठी झाली ती पस्तिसाव्या वर्षाची.

अर्धाकप

फार माहितीपूर्ण. मला एकच भर घालायची आहे, इमारतींच्या नावांची. सेंटरच्या लॅबपैकी एक कुरेशी रीसर्च लॅब, ती सफी कुरेशी यांच्या नावाची, एएसटी ही कॉम्प्युटर कंपनी काढणाऱ्या तिघांतला "एस". अर्व्हाइनचीच कंपनी. आजूबाजूला उद्योग उभे राहिले आणि त्यातला पैसा मेंदूच्या लॅबमध्ये आला, हाही नव्या गावात असण्याचा फायदाच म्हणायचा. जीवशास्त्राच्या मोठ्या इमारतीला मॅक्गॉ हॉल नाव दिलंय ते वेगळंच.

शंकासुर

सायन्सवेडी __/\__ वाचून धन्य झालो. पण हार्मोन्सचं तुम्ही एका शब्दात उरकलंत! ते काय आहे? भीती वाटली किंवा फार आनंद झाला की ते जन्मभर लक्षात राहतं, तेच का?

सायन्सवेडी

तेच. आणि हे मला आधीच लिहायला हवं होतं म्हणा, कारण सेंटरचं सगळ्यात गाजलेलं काम हेच.

औषधाने आठवण पक्की होते, ठीक आहे, पण निसर्गाने ही सोय मुळात कशासाठी केली असेल? शरीरात स्वतःचं असं काही इंजेक्शन आहे का? आहे, अॅड्रेनलिन. काही थरारक घडलं की ते सुटतं, म्हणजे बरोब्बर घटना घडल्यानंतर, जेव्हा आठवण अजून ओली असते. सत्तरच्या दशकातच दिसलं होतं की उंदराला धडा संपल्यावर अॅड्रेनलिन टोचलं तर त्याला तो धडा जास्त पक्का राहतो. गंमत अशी की अॅड्रेनलिन रक्तातून मेंदूत सहजी शिरत नाही, मग काम कसं करतं? तर व्हेगस नावाची जी मोठी नस पोटा-छातीकडून मेंदूकडे जाते तिच्यामार्फत निरोप जातो, आणि मेंदूत अमिग्डाला नावाच्या बदामाएवढ्या भागात नॉरअॅड्रेनलिन सुटतं. अमिग्डालाचा ठरावीक भाग निकामी केला तर औषध द्या नाहीतर हार्मोन, काही फरक पडत नाही. तिथे आठवण साठत नाही, पण बाकीच्या मेंदूला "हे नीट ठेव" असं सांगणं तिथून होतं.

माणसांवरचा प्रयोग लॅरी केहिल, मॅक्गॉ आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये नेचरला छापला. लोकांना स्लाइड दाखवत एक गोष्ट सांगायची. आई आणि मुलगा वडिलांना भेटायला हॉस्पिटलला निघालेत. एका गटाला साधी गोष्ट, मुलगा तिथे अपघाताचा सराव बघतो, खोटा. दुसऱ्या गटाला त्याच स्लाइडवर मुलाचाच भयंकर अपघात होतो. आठवड्यानंतर अचानक परीक्षा. अपघातवाल्यांना मधला भाग जास्त आठवतो, अपेक्षेप्रमाणे. पण ज्यांना आधी प्रोप्रॅनोलॉल दिलं होतं (बीपीची गोळी, अॅड्रेनलिनचा परिणाम अडवते) त्यांना अपघाताचा भाग बाकीच्यापेक्षा जास्त आठवलाच नाही! बरं, गोष्ट ऐकताना त्यांनाही ती तितकीच हेलावणारी वाटली होती, आणि साधी गोष्ट त्यांना इतरांइतकीच आठवली. गोळीने भावना पुसली नाही, भावनेमुळे मिळणारा जादा पक्केपणा तेवढा काढून घेतला. यावरून पुढे पीटीएसडीसाठी (भयंकर प्रसंगानंतर जडणारा मानसिक त्रास) ही गोळी वापरता येईल का यावर बरेच प्रयोग झाले, निकाल मिश्रच आहेत.

निशाचर

उशिरा आलोय, पण जिल प्राइसबद्दल थोडं, कारण धागा तिच्यापासून सुरू झाला आणि ती मागेच राहिली.

तिची ईमेल जून २००० ची. मॅक्गॉंनी आधी फारसं मनावर घेतलं नसावं असं आपल्याला वाटेल, पण त्यांनी तिला बोलावलं आणि विसाव्या शतकातल्या घडामोडींचं जाडजूड पुस्तक समोर ठेवून तारखा विचारायला लागले. शिवाय ती लहानपणापासून डायऱ्या लिहायची, म्हणजे तपासायला पुरावा आयता. काही वर्षं हे चाललं. २००३ मध्ये तिला न सांगता-सवरता विचारलं की १९८० पासूनच्या सगळ्या ईस्टरच्या तारखा लिही. ईस्टर दरवर्षी वेगळ्या तारखेला येतो, आणि ही बाई ज्यू, म्हणजे तिच्या घरचा सणही नाही. दहा मिनिटांत २४ तारखा लिहिल्या, त्यात एकच चुकली, तीही दोन दिवसांनी. शेजारी त्या दिवशी स्वतः काय केलं तेही. पेपर २००६ ला आला, तिचं नाव न देता, नुसतं एजे. नाव तिने स्वतःच २००८ ला जाहीर केलं.

पण लोकांना जे माहीत नसतं ते हे: शाळेत ती यथातथाच होती, पाठांतर जमायचं नाही, जुडग्यातली कुठली किल्ली कशाची तेही लक्षात राहायचं नाही. तिची अचाट आठवण फक्त स्वतःच्या आयुष्याची. आणि ती याला वरदान वगैरे अजिबात मानत नव्हती, तिचं म्हणणं हे सतत डोक्यात चालू असतं, थांबवता येत नाही, जीव थकून जातो. म्हणून तर मदत मागितली.

२०१० च्या डिसेंबरात अमेरिकन टीव्हीवरच्या सिक्स्टी मिनिट्समध्ये यावर कार्यक्रम झाला, त्यानंतर "मीही असाच", "मीही अशीच" म्हणणाऱ्यांची रीघ लागली, बहुतेक जण परीक्षेत गळाले.

तिरपागडा

हे मात्र आवडलं. पण मग एक शंका मलाही. डायरीतलं जुळलं म्हणजे बाकीचं सगळंही खरंच घडलं असेल कशावरून? बारीकसारीक तपशील बाई मनानेही भरत असेल, तिला स्वतःला कळतही नसेल.

निशाचर

तिरपागडा, तुम्ही अर्व्हाइनलाच जायला हवं होतं :) हाच प्रश्न तिथेच विचारला गेला. एलिझाबेथ लॉफ्टस, खोट्या आठवणींवर ज्यांचं काम जगप्रसिद्ध, त्या २००२ पासून अर्व्हाइनलाच आहेत. म्हणजे एकाच कॅम्पसवर एकीकडे कधीच न विसरणारे लोक, आणि दुसरीकडे आठवण किती सहज बनवता येते ते दाखवणाऱ्या बाई. दोन्हीकडचे संशोधक एकत्र आले आणि २०१३ मध्ये पेपर आला. अशी अचाट स्मरणशक्ती असलेले २० लोक आणि साधे ३८. शब्दांच्या याद्या दिल्या ज्यात एक अगदी अपेक्षित शब्द मुद्दाम गाळलेला, फोटोंची गोष्ट दाखवून नंतर चुकीची माहिती घुसवली, आणि ११ सप्टेंबरला पेन्सिल्व्हेनियात पडलेल्या विमानाचा व्हिडिओ बघितला का असं विचारलं, जो व्हिडिओ अस्तित्वातच नाही. निकाल: हे लोकही बाकीच्यांइतकेच फसले. स्वतःचे दिवस अफाट अचूक आठवतात, पण खोटी आठवण बनण्यापासून सुटका त्यांचीही नाही.

तिरपागडा

घ्या. म्हणजे सेंटरने स्वतःच्याच स्टार लोकांना परीक्षेला बसवलं आणि निकाल लपवला नाही. पाटीबद्दलचं माझं म्हणणं एवढ्यापुरतं मागे, बाकी छत्र्यांबद्दल ठाम आहे.

शंकासुर

हा धागा सेव्ह करून ठेवतोय. शेवटचं, आता तिथे काय चालतं? मॅक्गॉंनंतर सेंटर ढेपाळलं की चालू आहे?

सायन्सवेडी

चालू आहे. मॅक्गॉ २००४ पर्यंत संचालक होते, मग इंग्लंडहून आलेले मायकेल रग, आणि अलीकडच्या काळात मायकेल यासा, ज्यांनी पीएचडी अर्व्हाइनलाच केली, क्रेग स्टार्क यांच्याकडे. प्रश्नही सरकलेत, आता उंदरांपेक्षा म्हातारी माणसं आणि अल्झायमर यावर भर जास्त.

त्यांची एक टेस्ट सांगते, कारण ती घरबसल्या समजण्यासारखी आहे. रोजच्या वस्तूंचे फोटो दाखवायचे, एक कप, एक बूट, एक खेळणं. नंतर परत फोटो, काही तेच, काही नवे, आणि काही जवळपास तसेच, कप तसाच पण कान जरा वेगळा. तरुण माणूस म्हणतो हा तो नाही, तसाच आहे. वय वाढलं की बऱ्याच जणांचं उत्तर येतं, हाच तो, मघाशी बघितला. एरवी त्यांची स्मरणशक्ती ठणठणीत असते. बारकासा फरक वेगळा जपून ठेवण्याचं काम हिपोकॅम्पस या मेंदूतल्या आठवणीशी संबंधित भागाच्या एका छोट्या तुकड्यात होतं, डेंटेट जायरस आणि त्याच्या शेजारी, आणि वयाबरोबर आधी बिघडतं ते तिथे. आजार दिसायच्या आधी तो पकडता येईल का यासाठी हे सगळं चाललंय.

आणि मॅक्गॉ क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन वाजवतात, हे कुठल्याच पेपरात सापडणार नाही म्हणून इथे लिहून ठेवते.